सापांच्या केसांची माहेरवाशीण

८ मार्च, रविवार

आज परड्यात आलेला माल असा:
पोकळ पांढरे खांब, सहा.
पुठ्ठ्याच्या ढाली, अकरा. त्यातली एक फुटकी, तसं चलनावर लिहून घेतलं.
भाले, एक मोळी.
पंखांचा घोडा, एक. पंख वेगळे बांधलेले.
बाईचा पुतळा, फायबरचा, कमरेपासून वर, माणसाच्या दीडपट. डोक्यावर केसांच्या जागी साप.

खर्च: उतरवणाऱ्यांना चहा, दूध-साखर धरून नव्वद रुपये. सुतळी वीस. जमा: जागेचं दोन महिन्यांचं भाडं आगाऊ, चार हजार.

मुंबईची सिनेमा कंपनी आहे. विसापूरच्या पायथ्याला शूटिंग चाललंय. ग्रीक लोकांच्या पुराणातली एका वीराची गोष्ट आहे म्हणे. सामानाला रस्त्यालगत जागा हवी होती आणि आपलं परडं मळवली स्टेशनातून भाज्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावरच आहे. ह्यांच्या नवलाख उंबरे गावातल्या कंपनीत ओव्हरटाइम बंद झाल्यापासून महिना पुरत नाही, म्हणून मी हो म्हटलं. पुतळ्याला बघून हे म्हणाले, "हिच्यापेक्षा तुझे केस बरे." पंचवीस वर्षांत केसांबद्दल पहिल्यांदा बोलले, तेही असं.

आमची पायल घोड्यावर बसून फोटो काढून आली. बी.कॉम. झालेली पोरगी.

१० मार्च, मंगळवार

पुतळ्याचे डोळे रंगवायला कंपनीची प्रतीक्षा नावाची मुलगी आली होती. पायलएवढीच असेल. दिवसभर उन्हात शिडीवर. दुपारी हाक मारून भाकरी-पिठलं वाढलं. चमच्याने पिठलं खाते.

सिनेमाची गोष्ट तिच्याकडून कळली. ही सापांची बाई आधी साधी, देखणी पोर होती. एका मोठ्या देवाने देवळातच तिच्यावर जबरदस्ती केली. देवळाची देवी चिडली, पण ती त्याच्यावर नाही, हिच्यावर. हिच्या केसांचे साप केले, आणि हिच्याकडे जो बघेल त्याचा दगड होईल असा शाप दिला. मग ही लांब कुठे समुद्रापार एकटी राहायला गेली. तिथे तो वीर पंखांच्या घोड्यावरून जातो आणि तिचं मुंडकं कापून आणतो. (प्रतीक्षा म्हणाली, मूळ गोष्टीत घोडा नंतर येतो, पण आमच्या साहेबांना तो आधी हवा होता.)

मी विचारलं, "आणि त्या देवाचं काय झालं?"

"काही नाही, काकू."

मी तव्यावरची भाकरी उलटली. सासूबाई सांगायच्या, त्यांच्या आजीला गावात शिरताना ओरडत जावं लागायचं, म्हणजे बाकीचे आधीच बाजूला होतील. आज हे का आठवलं कोण जाणे.

डोळे मात्र पोरीने चांगले रंगवलेत. भीती वाटत नाही. कुणीतरी हाक मारेल म्हणून वाट बघत बसल्यासारखी दिसते.

१७ मार्च, मंगळवार

सिनेमातला वीर घोड्यावरून पडला आणि त्याचा पाय मुरगळला. खऱ्या घोड्यावरून नव्हे, पंखांच्याच. तारेवर टांगला होता तो. शूटिंग बंद. कंपनी टेम्पो घेऊन मुंबईला गेली, घोडा नेला, ढाली-भाले नेले. पुतळा आणि खांब मागे राहिले. "दोन-चार दिवसांत येतो," म्हणाले.

पुतळ्यावर धूळ बसते. फडक्याने पुसून घेतला. डाग पडला तर भाडं कापतील.

२० मार्च, शुक्रवार

वरच्या वाडीची बायामावशी काटक्यांचा भारा घेऊन खाली आली होती. डोंगरातली म्हातारी, सत्तरीच्या पुढची, पण आपल्याआधी उतरते. पुतळ्यासमोर भारा टाकून बसली, आणि कानामागचं चाफ्याचं फूल काढून तिच्यापुढे ठेवलं.

मी म्हटलं, "मावशी, सिनेमातली आहे ती. आतून पोकळ."

"म्हाईत हाय मला. वाजवून बघितली." तिने पुतळ्याच्या दंडावर टिचकी मारली. "पर डोळं बघ तिचं. इतकी लांबनं आली, आन येकली बसलीया. कुनी फूल बी ठिवू न्हाई व्हय?"

"आमच्यात देव चालत नाहीत मावशी, तुम्हाला माहीत आहे."

"मी कुटं म्हनले देव हाय? पाव्हनी हाय."

ताक पिऊन गेली. फूल मी काढलं नाही. सुकलं की काढीन.

२२ मार्च, रविवार

अनर्थ झाला. सकाळी बुद्धवंदना घेऊन बाहेर आले तर पुतळ्याला हळद-कुंकू आणि पुढे फुटलेला नारळ. शनिवार-रविवारचे मुंबईकर लेण्यांना जाताना थांबतात, फोटो काढतात. एक बाई मुलाला म्हणाली, "बाप्पाला नमस्कार कर." बाप्पा!

कोपऱ्यावरच्या भजीवाल्या अंबाजीने आज नारळ विकायला ठेवलेत. त्याला विचारलं तर म्हणतो, "वहिनी, लोकं मागत्यात, मी काय करू? बोर्ड बी मीच लिवला, लोकांच्या सोयीसाठी." बोर्डावर लिहिलंय, नागाई माता.

ह्यांच्या आजोबांनी छप्पन साली देव्हाऱ्यातले टाक इंद्रायणीत सोडले. तेव्हापासून ह्या घरात बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, दुसरं काही नाही. बावीस प्रतिज्ञा मला पाठ आहेत, रोज म्हणते. आणि माझ्याच परड्यात, माझ्या पावतीवर, देवी.

कुंकू पुसलं. पापण्यांत गेलं होतं, तिथे कापूस लावून काढावं लागलं.

२३ मार्च, सोमवार

युक्ती केली. दिसलीच नाही तर कोण पुजेल? माझी पौर्णिमेला विहारात नेसायची जुनी पांढरी साडी, काठाला विरलेली, ती पुतळ्यावरून गुंडाळली. डोकं झाकलं, खांद्यावरून आणून पोटाशी गाठ मारली. वाऱ्याने उडायला लागली म्हणून पुढे दोन पिना लावल्या. ताडपत्री घ्यायची तर साडेतीनशे, साडी घरचीच. वाचले.

हायसं वाटलं.

२६ मार्च, गुरुवार

काय करायला गेले आणि काय झालं!

काल एकवीरेची यात्रा. कार्ल्याला जाणारी माणसं मळवलीलाच उतरतात. वाऱ्याने डोक्यावरचा पदर मागे पडला असणार. लोकांनी पाहिलं ते काय, तर चेहरा उघडा, सापांवरून पदर, अंगावर पांढरी साडी, निऱ्यांसारख्या घड्या. गावभर झालं, "शालननं देवीला साडी नेसवली!" त्यात अंबाजीची भर, "बौद्धाच्या घरानं साडी नेसवली म्हंजी काय कमी जागृत हाय का?"

आज सकाळपासून रांग. शेजारणी मला मिठी मारून गेल्या. मी सांगतेय, अहो झाकली होती, झाकली! त्या म्हणतात, हो ना, किती छान झाकलीस.

विहारातल्या बाया मात्र बघून न बघितल्यासारखं करून गेल्या. ते जास्त लागलं.

कंपनीला फोन लावते, बंद लागतो.

२९ मार्च, रविवार

अंबाजी घरी आला, पेढे घेऊन. म्हणाला, पत्र्याचं शेड तो टाकतो, दानपेटी आपली, निम्मं-निम्मं. बारा एप्रिलला पाया घालू.

तो गेल्यावर मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पेढ्याकडे बघत होते.

"तुम्ही त्याला नको का म्हणाला नाहीत?"

"अगं, पैसे विहाराला देऊ. खिडक्या बसवायच्यात ना?"

"देवीच्या पैशाने विहाराला खिडक्या?"

"मग कुणाच्या पैशाने? माझा ओव्हरटाइम बंद आहे."

"चौदा एप्रिलला जयंतीची मिरवणूक आपल्या दारावरून जाते. तुमच्या आजोबांचं घर म्हणून इथे थांबतात, पाणी पितात. मंडळींनी पाणी कुठे प्यायचं, दानपेटीशेजारी?"

पायल म्हणाली, "बाबा, एकदा पाया घातला की ती जागा आपली राहत नाही. देवाची होते, आणि देवाचा मॅनेजर अंबाजीकाका."

पेढा कुणी खाल्ला नाही. संध्याकाळी बघितलं तर एक कमी होता.

२ एप्रिल, गुरुवार. पौर्णिमा

उपोसथाचा उपवास केला. पण मन स्थिर नाही. नेहमीची पांढरी साडी पुतळ्यावर, म्हणून दुसरी नेसून विहारात गेले.

खरं लिहायचं तर एक उपाय आहे. हे आणि मी मिळून पुतळा उचलू शकतो. पहाटे विहिरीत ढकलला तर प्रश्न मिटेल. अंबाजीने पाया घालायच्या आत. पण ह्यांच्या आजोबांनी टाक सोडले तेव्हा फेकले नव्हते. आजीने नव्या फडक्यात बांधून दिले, आणि गुडघाभर पाण्यात उतरून आजोबांनी ते हळू खाली ठेवले. सासूबाई हे सांगताना नेहमी म्हणायच्या, "सोडायचं म्हंजी टाकायचं न्हवं."

आणि भरपाई मागितली तर पुतळा लाखाचा असेल.

ऊन वाढलंय. रंग उडेल म्हणून ह्यांना सांगून पुतळा आंब्याखाली सरकवून घेतला.

७ एप्रिल, मंगळवार

पायलने मोबाइलवर कुठून तरी प्रतीक्षाला शोधलं! तिचा जुना नंबर कंपनीचा होता. नायकाचा पाय बरा झालाय. शनिवारी, अकरा तारखेला, टेम्पो येतोय. पाया घालायच्या आदल्या दिवशी.

इतकं हलकं वाटलं की दुपारी पुरणपोळी केली. सण नाही, पाहुणा नाही. हे म्हणाले, "हिशेबात कुठे लिहिणार?" लिहिलं: किरकोळ.

तांदूळ निवडायला आंब्याखाली बसले होते. तिथे सावली चांगली असते. बोलता बोलता तिला सांगितलं, शनिवारी न्यायला येतायत म्हणून. मग लक्षात आलं आपण कुणाशी बोलतोय ते. आणि हेही लक्षात आलं की नेतायत ते मुंडकं कापायला.

मला काय त्याचं? पुतळाच तो.

पुरणपोळी एकच गेली.

११ एप्रिल, शनिवार

सगळं नीट लिहून ठेवते.

टेम्पो दहाला आला. बातमी फुटली होतीच. परड्यात बायका जमल्या, भाज्यातल्या, वाडीतल्या, एक-दोन उर्से गावाहून माहेरपणाला आलेल्या. अंबाजी पुढे. प्रतीक्षा उतरली आणि बिचारी हसत म्हणाली, "काकू, लवकर द्या हं, शेवटच्या सीनला मुंडकं लागतंय."

मग अंबाजी ओरडला, "ऐकलंत? देवीचं मुंडकं उडवनार हैत!"

बायका टेम्पोपुढे बसल्या. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. प्रतीक्षा रडायला आलेली. ती माझ्या कानाशी म्हणाली, "काकू, तुम्ही त्यांना सांगा ना, पूजेला नेतोय म्हणून."

रोज सकाळी मुसावादा वेरमणी म्हणते मी. खोटं बोलणार नाही. आणि खरं बोललं तर टेम्पो रिकामा जाणार, उद्या पाया घातला जाणार, परवानंतर जयंती. मी सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, "प्रतीक्षा, खोटं बोलू नकोस. हिचं मुंडकं कापणार का?"

उत्तराची मलाच भीती वाटत होती, ते इथे लिहायला हरकत नाही.

ती म्हणाली, "हिचं नाही, काकू. कापायचं वेगळं आहे, रबराचं, मुंबईत बनवलंय. हिचे नुसते डोळे जवळून घ्यायचेत. म्हणून तर मी हाताने रंगवले."

"आणि मग?"

"मग गोडाऊनमध्ये."

"भिंतीकडे तोंड करून ठेवाल?"

"तुम्ही सांगाल तशी ठेवू."

"उजेडाकडे ठेवा," मी म्हटलं. का म्हटलं ते कळलं नाही. पण छातीवरचा धोंडा खाली ठेवल्यासारखं झालं.

अंबाजी हटेना. "वहिनी, देवी हितनं हलनार न्हाई. गावाची भावना हाय."

मागून बायामावशी आली, भारा डोक्यावर तसाच. "गावाची भावना आन नारळ तुजं," ती म्हणाली.

बायका हसल्या. मावशीने भारा खाली टाकला. "मला येक सांगा गं. हिला साडी कुनी नेसवली?"

"शालननं!" सगळ्या एकदम.

मी तोंड उघडणार होते, झाकली होती म्हणून. मावशीने डोळे वटारले. मी गप्प बसले. विचारलं असतं तर सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही.

"साडी शालनची, म्हंजी माहेर शालनचं. का न्हाई? लेक सासरी कवा धाडायची त्ये माहेरची बाय ठरविती. अंबाजी, तू कोन रं पोरीचा? मामा?"

"मी... ह्ये बघा मावशी..."

"मामा असशील तर काढ, जाताना पोरीच्या हातावर काय ठिवनार?"

आता बायका उठल्याच. "काढा मामा, काढा!" अंबाजीने नाइलाजाने दुकानातला एक नारळ आणून दिला. पैसे कुणी दिले नाहीत. मग मावशी माझ्याकडे वळली. "बोल शालन. धाडायची का?"

सगळं परडं माझ्याकडे बघत होतं. हेही दारात उभे होते. मी म्हटलं, "धाडायची. पण उपाशी नाही."

ओटी बायामावशीने भरली, तांदूळ आणि अंबाजीचा नारळ. मी भरली नाही, माझी प्रतिज्ञा आहे. मी आत जाऊन शिदोरी बांधली, सहा चपात्या, शेंगदाण्याची चटणी, दोन कांदे. लेक जाताना शिदोरी देऊ नये असं कुठल्याच प्रतिज्ञेत नाही.

ह्यांनी आणि ड्रायव्हरने आधी खांब चढवले, मग पुतळा. हे त्याला म्हणाले, "हळू, हळू. सोडायचंय, टाकायचं नाही." मी ह्यांच्याकडे बघतच राहिले. वाडीतली एक पोर म्हणाली, "तोंड मागं करा, घर दिसू दे तिला." तोंड मागे केलं. टेम्पो फाटकातून वळेपर्यंत ती आमच्याकडेच बघत होती, पदर डोक्यावर. कुणाचाही दगड झाला नाही.

शेजारीण म्हणाली, "शालन, रडतीस काय?" चुलीचा धूर गेला होता डोळ्यांत. गॅसवर केल्या होत्या चपात्या, पण सकाळी पाणी चुलीवर तापवलं होतं.

१४ एप्रिल, मंगळवार

मिरवणूक आली. आपल्या दाराशी थांबली. आंब्याखाली माठ ठेवले होते, तिथेच सगळ्यांनी पाणी प्यायलं. विहारातल्या बाया आत येऊन बसल्या. एक जण म्हणाली, "शालनताई, तुम्ही बरं केलंत. भांडण न करता केलंत." हे नव्या सदऱ्यात इकडून तिकडे. कंपनीत पुढच्या महिन्यापासून ओव्हरटाइम सुरू होतोय असं आजच कळलं, पण ते दुपारपर्यंत मला सांगायचंच विसरले.

अंबाजीने नागाईचा बोर्ड उलटा करून त्यावर लिंबू सरबत लिहिलंय. आज त्याने मिरवणुकीला फुकट पाजलं. मी त्याला दोन लाडू दिले.

परडं मोकळं मोकळं दिसतं. माती चौकोनी दबलीय तेवढीच. बरं वाटतं. खूपच बरं वाटतं.

१९ एप्रिल, रविवार

बायामावशी आज पुन्हा येऊन विचारून गेली, पोचली का पाव्हनी? पायलने प्रतीक्षाला मेसेज केला, उत्तर नाही, शूटिंगमध्ये असेल. मावशीला तसं सांगितलं तर म्हणाली, "त्या डबीतलं बोलनं मला दिसत न्हाई. कागद येऊ दे. तू वाचून दाव, मंग मी वाडीत दाखविते." बरोबर आहे. आमची आईसुद्धा लेक पोचल्याचा कागद आल्याशिवाय जेवायची नाही. चलनावर कंपनीचा पत्ता आहे. उद्या पत्र लिहिते. नक्कल इथे ठेवते.

२० एप्रिल, सोमवार. पत्राची नक्कल

चि. प्रतीक्षा हिस,
शालनकाकूचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सर्व खुशाल आहोत, तुझी खुशाली कळव. उन्हात शिडीवर चढताना डोक्याला फडकं बांधत जा.

कामाचं असं की, अकरा तारखेला तुमचा पुतळा एक आणि खांब सहा आमच्याकडून सुस्थितीत गेले. पुतळ्याच्या उजव्या पापणीत थोडं कुंकू राहिलं असेल, ते ओल्या कापसाने निघतं, जोरात घासू नये. भाड्याचा हिशेब पूर्ण झाला, आमचं काही येणं नाही. सोबत पांढरी साडी एक गेली आहे. ती परत पाठवू नये. मी ती खर्ची टाकली आहे.

शिदोरी ड्रायव्हरने खाल्ली असेल, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

सिनेमा लागला की पायल आम्हाला लोणावळ्याला नेणार आहे. बायामावशीही येते म्हणाली, पण मुंडकं कापतात तेव्हा ती बाहेर जाऊन बसणार. मी तिच्यासोबत बसेन, एकटी कुठे सोडायची म्हातारीला.

इकडे वाडीतल्या बायका रोज विचारतात, त्यांच्यासाठी म्हणून लिहिते. ती नीट पोचली का, आणि तोंड उजेडाकडे आहे ना, एवढं उलट टपाली कळवावे.